मळ ओळखा, पैसे राखा

मैत्रिणींनो, या महिन्याची किराणा मालाची यादी एकदा नीट वाचून बघा. डाळ, तांदूळ, तेल हे तर लागणारच. पण त्याखाली काय असतं? भांड्यांसाठी एक जेल, ओट्यासाठी एक फवारा, फरशीचं वेगळं, काचेचं वेगळं, टाइल्सचं वेगळं, संडासाचं आणखी वेगळं. शिवाय कपड्यांची पावडर आणि मशीनचं लिक्विड. एका घरात सात-आठ बाटल्या! आपल्या आज्यांच्या घरात मळ नव्हता का? होताच. पण राख, रिठा, चिंच आणि सोडा एवढ्यावर त्यांचं घर लख्ख असायचं.

म्हणून चला परत चुलीकडे, असं मी मुळीच म्हणणार नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, वाड्यावस्त्यांवर सिलेंडर पोहोचले, चुली कमी झाल्या, तशी राखही कमी झाली. बायकांचे डोळे आणि छाती धुरातून सुटली, हे चांगलंच झालं. पण राखेबरोबर तिच्यामागचं शहाणपणही गेलं. राखेने तेलकट भांडं का निघतं, चिंचेने तांब्या का उजळतो, हे आता लेकीसुनांना सांगायला कुणी नाही.

बचत गटाच्या बैठकीत मला हमखास प्रश्न येतो, "वहिनी, घरच्या घरी लिक्विड कसं करायचं ते सांगा ना." मी म्हणते, कृती सांगते, पण आधी मळ कोणता ते सांगा. ताप कशाचा हे न बघता डॉक्टर गोळी देतात का? तसंच हे.

मळाच्या तीन जाती

पहिला मळ तेलकट. ओट्यामागच्या टाइल्स, डब्यांची झाकणं, गॅसची शेगडी. त्याला हवा सोडा. राखेतही तेच काम करणारा क्षार असतो, म्हणून राखेने भांडी निघायची. एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा, फडक्याने लावा, दहा मिनिटांनी पुसून घ्या. हातात मोजे घाला, कारण हा सोडा कातडी कोरडी करतो. अॅल्युमिनियमच्या भांड्याला मात्र तो लावू नका, भांडं काळं पडतं. स्टीलचं भांडं करपलं असेल तर त्यात पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून पाच मिनिटं उकळा. करपलेलं सुटून येतं. खाण्याचा सोडा सौम्य, धुण्याचा कडक, एवढं लक्षात ठेवा.

दुसरा मळ पांढरा. बोअरच्या पाण्याने नळावर, बादलीवर, गीझरच्या कॉइलवर बसणारा थर. त्याला सोडा लावून काही होत नाही, त्याला आंबट हवं. पिळून झालेल्या लिंबाच्या फोडी टाकू नका, त्याच नळावर घासा. थर जुना असेल तर वाण्याकडे सायट्रिक अॅसिड मिळतं, आपण लिंबूफूल म्हणतो ते. एक लिटर पाण्यात दोन चमचे घाला, फडकं भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळा, मग धुवून टाका. तांब्या-पितळेला चिंचेचा कोळ आणि मीठ. घासल्यावर लगेच धुवून कोरडं पुसायचं, नाहीतर परत डाग पडतात.

इथे एक सावधगिरी. आपल्याकडे कितीतरी घरांत ओटा कडाप्प्याचा आणि फरशी शहाबादी असते. हे दोन्ही दगड चुनखडीचे. संगमरवरही त्याच जातीचा. आंबटाने नळावरचा थर विरघळतो, तसाच हा दगडही खरवडला जातो आणि त्याची चमक जाते. म्हणून अशा ओट्यावर लिंबू, व्हिनेगर किंवा अॅसिड नको. साधं साबणाचं पाणी पुरे.

तिसरा मळ रोजचा, म्हणजे घाम आणि धूळ. त्याला फेस हवा आणि तो रिठ्यात आहे. दहा-बारा रिठे फोडून बिया काढा, साली रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवा, सकाळी वीस मिनिटं उकळा, गार झाल्यावर कुस्करून गाळा. स्वेटर, शाल आणि नाजूक कपड्यांसाठी हे पाणी फार छान. तीन-चार दिवसांत आंबतं, म्हणून थोडंच करा. डोळ्यांत गेलं तर झोंबतं, मुलांपासून लांब ठेवा.

संत्री-मोसंबीच्या साली घरात असतील तर त्याही कामाला येतात. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, म्हणजे १०० ग्रॅम, ३०० ग्रॅम आणि एक लिटर. प्लास्टिकच्या मोठ्या बाटलीत वर जागा ठेवून भरा. पहिला महिना रोज झाकण सैल करून आतला वायू सोडा, काचेची बाटली घ्याल तर फुटेल. तीन महिन्यांनी गाळलेलं पाणी टाइल्सच्या फरशीला चालतं. तेही आंबटच, तेव्हा शहाबादीला नको.

फसफसलं म्हणजे झालं?

हल्ली मोबाइलवर व्हिडिओ फिरतात. सोड्यावर व्हिनेगर ओतायचं, फस्सकन फेस येतो आणि बघणारी खूश! पण सोडा आणि आंबट एकत्र आले की दोघं एकमेकांची ताकद मारून टाकतात. वायू उडून जातो आणि मागे उरतं जवळजवळ खारट पाणी. वापरायचं तर एकामागून एक वापरा, मध्ये धुवून घ्या.

ही झाली पैसे वाया जाण्याची गोष्ट. पुढची जिवाची आहे. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी संडास पिवळा पडला म्हणून आधी ब्लीचिंग पावडर टाकली आणि वरून टॉयलेट क्लीनर ओतलं. खिडकी बंद होती. दोन मिनिटांत त्या खोकत बाहेर आल्या, डोळ्यांतून धारा, श्वास घेता येईना. दवाखान्यात न्यावं लागलं. टॉयलेट क्लीनरमध्ये अॅसिड असतं. ते ब्लीचिंगमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू! ब्लीचिंगबरोबर अॅसिड, व्हिनेगर, लिंबू, अमोनिया काहीही मिसळायचं नाही. हे वाक्य कागदावर लिहून बाथरूमच्या दारावर चिकटवा. आणि कुठलंही घरचं पाणी थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरू नका. तहानलेलं पोर विचारत बसत नाही.

घरचं म्हणजे बिनकेमिकलचं, हाही गैरसमज नको. गटांच्या प्रशिक्षणात बऱ्याचदा अॅसिड स्लरी आणून भांड्यांचं लिक्विड करायला शिकवतात. चार पैसे मिळतात, जरूर करा. पण स्लरी हा डिटर्जंटचाच कच्चा माल आहे, हाताळताना मोजे आणि चष्मा हवाच. कॉस्टिक सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, आणि भांडं अॅल्युमिनियमचं घ्यायचं नाही.

आणि घरात कावीळ किंवा जुलाब-उलट्यांचा पेशंट असेल तर लिंबू-रिठ्यावर भिस्त ठेवू नका. त्यांनी मळ निघतो, जंतू मरतीलच असं नाही. तेव्हा ब्लीचिंग पावडर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे नुसत्या पाण्यात, खिडक्या उघड्या ठेवून वापरा. औषध आणि जंतुनाशक इथे काटकसर करायची नसते.

वाचलेले पैसे गेले कुठे?

निरमा पावडर आपल्या सगळ्यांना ठाऊक. १९६९ साली अहमदाबादमध्ये करसनभाई पटेल यांनी ती घरी बनवून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. घरच्या अंगणात केवढी ताकद असते बघा! आपण सगळ्यांनी कारखाना काढायचा नाही, पण हिशेब तर ठेवता येतो.

आमच्या गटातल्या एका ताईंचे यजमान मार्केट यार्डात हमाली करतात. ताईंनी तीन महिने एकही रिकामी बाटली भंगारात दिली नाही. सगळ्या खिडकीत ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीवर किंमत लिहिली. बेरीज बघून त्या स्वतःच दचकल्या. मग सोडा, लिंबूफूल आणि रिठा आणून त्यांनी निम्म्या बाटल्या बंद केल्या. भांड्यांचं जेल मात्र ठेवलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, सकाळी कामावर जायच्या घाईत मला रिठे उकळत बसायला वेळ नाही." किती खरं! बाईचा वेळ फुकट धरून केलेली बचत ही बचत नव्हेच. जिथे पैसे जास्त वाचतात आणि कष्ट कमी लागतात, तेवढंच घरी करावं. आणि बाटली भरायला, नळ घासायला मुलगा आणि नवरा यांनाही हात आहेत.

पण खरा प्रश्न पुढेच आला. वाचलेले पैसे घरखर्चात कधी मिसळून गेले ते कळलंच नाही. ताईंनी पोस्टात स्वतःच्या नावावर आरडी उघडायचं काढलं तर यजमान म्हणाले, "घरात पैसा आहे की, तुला वेगळा कशाला?" ताई शांतपणे म्हणाल्या, "वेगळा नाही, दिसायला पाहिजे म्हणून." पोस्टाची आरडी महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते आणि पाच वर्षं चालते. ताईंची मुलगी सध्या आठवीत आहे. बारावीनंतर तिला नर्सिंगला घालायचं, असं त्यांच्या मनात आहे. पुस्तकावर पहिला शिक्का पडला त्या दिवशी त्या ते दाखवायला मुद्दाम माझ्या घरी आल्या.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, पण तळ्याला बांध नसेल तर थेंब वाहून जातात. तेव्हा मैत्रिणींनो, या महिन्यात दोनच गोष्टी करा. रिकाम्या बाटल्या मांडून बेरीज करा. आणि त्यातली एखादी बाटली बंद करून तिचे पैसे, थोडे का होईनात, पण तुमच्या नावावर जमा करा.