नामाआधीचे शब्द : इंग्रजी विशेषणांची शिस्त आणि मराठी विद्यार्थी

ज्यांच्या स्मृतीस ही पुस्तिका अर्पण होते, त्यांनी आयुष्यभर भाषा शिकविली. तेव्हा या पानांतून भाषेच्याच एका लहानशा अंगाचा विचार मांडणे अनुचित ठरू नये. नामाच्या आधी येऊन त्याचा अर्थ मर्यादित करणारा शब्द म्हणजे विशेषण, ही व्याख्या आपण प्राथमिक शाळेतच पाठ करतो. परंतु मराठी विद्यार्थी इंग्रजी लिहू लागला की याच ठिकाणी तो वारंवार अडखळतो.

सुरतेत हा विषय काढताना दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पुढे काही वर्षे याच नगरीत अध्यापक होते, आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजी प्रभृतींसह त्यांनी येथे मानवधर्म सभा स्थापन केली. मराठी, गुजराती आणि इंग्रजी या तिन्ही भाषांशी त्यांचा संबंध होता. लिंबायत-उधना भागातील आपल्या विद्यार्थ्याची स्थिती आज काही वेगळी नाही. घरी मराठी किंवा अहिराणी, बाजारात गुजराती आणि परीक्षेत इंग्रजी, असा त्याचा दिवस असतो.

पहिला भेद विकाराचा. मराठीत आकारान्त विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते : चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल. नामाचे सामान्यरूप झाले की विशेषणही ‘चांगल्या’ होते. गुजरातीतही ‘सारो छोकरो, सारी छोकरी’ असेच घडते. इंग्रजीतील ‘गुड’ मात्र मुलगा, मुलगी, एक, अनेक, सर्वांपुढे ‘गुड’च राहते. ‘धिस’चे ‘दीज’ आणि ‘दॅट’चे ‘दोज’ होणे, एवढाच काय तो लक्षात ठेवण्याजोगा अपवाद.

यातूनच दुसरी अडचण उद्भवते. ‘पाच वर्षांचा मुलगा’ यात आपण ‘वर्षांचा’ असे अनेकवचनी रूप योजतो. विद्यार्थी तेच मनात धरून ‘अ फाइव्ह इयर्स ओल्ड बॉय’ असे लिहितो. इंग्रजीत नामच विशेषणाच्या जागी बसले, की ते बहुधा एकवचनी होते. म्हणून ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय’, ‘अ टेन-रुपी नोट’, ‘अ शू शॉप’ हीच शुद्ध रूपे. तीच गोष्ट विधेयात गेली, तर ‘द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड’ असे अनेकवचन परत येते. आपल्या व्याकरणातील अधिविशेषण आणि विधिविशेषण हा भेद येथे उपयोगी पडतो. नामापूर्वी एकवचन व संयोगचिन्ह, नामानंतर अनेकवचन, हे सूत्र मुलांनी एकदा नीट समजून घेतले की पुष्कळ चुका आपोआप टळतात.

संयोगचिन्ह ही केवळ शोभा नव्हे, हे कापडाच्या या शहरात सहज पटावे. ‘ट्वेंटी फाइव्ह-मीटर पीसेस’ म्हणजे पाच मीटरचे वीस तुकडे, एकंदर शंभर मीटर कापड. ‘ट्वेंटी-फाइव्ह-मीटर पीसेस’ म्हणजे प्रत्येकी पंचवीस मीटरचे तुकडे. त्यांची संख्या तर सांगितलेलीच नाही. चिन्हे गाळून लिहिलेल्या मागणीपत्राचा अर्थ विकणारा एक लावील आणि घेणारा दुसरा. व्याकरणाची चूक अशा वेळी हिशेबाची चूक होते.

तिसरा भेद स्थानाचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. मराठीत विशेषण कितीही लांबले तरी ते नामाच्या आधीच राहू शकते : ‘काल रात्रीच्या गाडीने नंदुरबारहून आलेला मुलगा’. इंग्रजीत एकटा शब्द किंवा छोटा सामासिक शब्द नामाआधी येतो. लांब पदसमूह व उपवाक्य नामाच्या मागे जाते : ‘द बॉय हू केम फ्रॉम नंदुरबार बाय लास्ट नाइट्स ट्रेन’. मराठी वाक्याचा क्रम जसाच्या तसा उतरविला, तर इंग्रजी वाक्य कोलमडते. भाषांतर करताना विद्यार्थ्याने प्रथम मुख्य नाम शोधावे, ते लिहावे आणि मग त्याचे लांब वर्णन त्यामागे जोडावे.

काही शब्द मात्र नामापूर्वी बसतच नाहीत. ‘द बॉय इज अफ्रेड’ हे शुद्ध आहे. पण ‘अ‍ॅन अफ्रेड बॉय’ म्हणत नाहीत, तेथे ‘अ फ्रायटन्ड बॉय’ म्हणावे लागते. ‘अस्लीप’, ‘अलाइव्ह’, ‘अलोन’ हे याच गटातले. धातुसाधितांतही सावधगिरी हवी : ‘अ बोरिंग लेक्चर’ म्हणजे कंटाळा आणणारे व्याख्यान, तर ‘अ बोअर्ड स्टुडंट’ म्हणजे कंटाळलेला विद्यार्थी. कोण आणतो आणि कोणास येतो, हे विचारावे म्हणजे घोटाळा होत नाही.

अनेक विशेषणे एकत्र आली, तर त्यांचा क्रम ठरलेला असतो : आधी मत, मग आकारमान, वय, रंग, मूळस्थान आणि शेवटी द्रव्य. ‘अ ब्युटिफुल ओल्ड रेड सिल्क सारी’. हा नियम पाठ करण्याचे भय बाळगू नये, कारण मराठीतही आपण ‘एक सुंदर जुनी लाल रेशमी साडी’ असेच म्हणतो. ‘रेशमी लाल जुनी सुंदर साडी’ कानाला खटकते. जे आपल्या भाषेत कानाने जाणतो, ते येथे विश्वासाने वापरावे.

‘फाइव्ह इयर्स ओल्ड बॉय’ लिहिणारा मुलगा मंदबुद्धी नसतो. तो आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळत असतो. नियम चुकीच्या घरी नेतो, इतकेच. त्याच्या वहीवर केवळ तांबडी रेघ ओढली, तर तो इंग्रजीस भितो आणि हळूहळू स्वतःच्या भाषेलाही कमी लेखू लागतो. तीच चूक मराठी वाक्याशेजारी मांडून दाखविली, तर त्यास दोन्ही भाषांची घडण उमगते. मराठी पक्की असणे ही इंग्रजीच्या मार्गातील धोंड नव्हे. ती चढण्याची पायरी आहे. आपल्या शाळांतील शिक्षकांनी ही पायरी मुलांस दाखवावी, हीच या स्मृतिदिनी विनंती.