रेवदंड्याहून संत मोनिकेकडे

कॅथलिक धर्मभगिनींच्या संघांमध्ये गेल्या साठ वर्षांत मूळस्थानांच्या सामूहिक यात्रेची प्रथा रुजली आहे. वांद्र्याच्या माउंट मेरीला किंवा वेलांकणीला जाणाऱ्या भाविकांच्या यात्रेहून तिचा हेतू निराळा असतो. नवस फेडणे किंवा आजारातून उठण्याची याचना करणे हा तिचा विषय नसून आपला संघ कोणत्या परिस्थितीत, कोणाच्या हट्टाने आणि कोणती गरज भागवण्यासाठी उभा राहिला, हे त्या त्या ठिकाणी उभे राहून समजून घेणे हा असतो. संस्थापिकेचे जन्मगाव, पहिले घर, पहिली शाळा किंवा रुग्णशाळा, तिची कबर आणि जपून ठेवलेली पत्रे असे तिचे टप्पे असतात. या प्रथेला चालना मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी संमत केलेल्या, 'पेर्फेक्ते कारितातिस' या लॅटिन नावाने ओळखल्या जाणाऱ्या आदेशातून. व्रतस्थ जीवनाचे नूतनीकरण करायचे तर प्रत्येक संघाने आपल्या मूळ प्रेरणेकडे परत जावे आणि त्याच वेळी बदललेल्या काळाशी जुळवून घ्यावे, अशी दुहेरी अपेक्षा त्यात व्यक्त झाली होती.

महाराष्ट्रातील बहुतेक धर्मभगिनींच्या बाबतीत ही वाट युरोपात जाते. 'रिलिजस ऑफ जीझस अँड मेरी' हा संघ क्लोदीन तेव्हने हिने 1818 मध्ये फ्रान्समधील लिओं येथे स्थापन केला आणि 1842 मध्ये त्याच्या भगिनी आग्र्यास पोहोचल्या. 'डॉटर्स ऑफ द क्रॉस' हा संघ जान हाझ, म्हणजेच मदर मारी तेरेझ, हिने 1833 मध्ये बेल्जियममधील लिएज येथे सुरू केला, आणि 1862 मध्ये कराचीत पाऊल ठेवल्यानंतर त्याचे कार्य मुंबईकडे वाढले. अंधेरीत 1942 मध्ये आना हुबर्टा रोगेन्डोर्फ यांनी स्थापलेला 'हेल्पर्स ऑफ मेरी' हा संघ येथल्या मातीत जन्मला असला, तरी त्याची संस्थापिका जर्मन होती आणि ती आली होती लिएजच्याच संघातून. यामुळे कोकणातील स्त्रियांच्या व्रतस्थ जीवनाचा आरंभ एकोणिसाव्या शतकात परदेशी बोटीतून उतरलेल्या भगिनींपासून झाला असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. कराचीच्या आगमनाआधी अडीचशे वर्षे गोव्यात स्त्रियांचा मठ उभा राहिला होता, आणि त्याचा इतिहास समजून घेऊ पाहणाऱ्या यात्रेची सुरुवात रायगडच्या किनाऱ्यावरून, तीही जिथे स्त्रियांचा मठ कधी नव्हताच अशा गावातून, व्हावी हे अधिक सयुक्तिक ठरेल.

ते गाव म्हणजे रेवदंडा. कुंडलिकेच्या मुखाशी, नारळी-पोफळीच्या वाड्यांनी झाकलेल्या तटबंदीच्या आत पोर्तुगीजांचे चौल वसले होते. निजामशाहीच्या परवानगीने 1521 मध्ये येथे किल्ल्याचे काम सुरू झाले, 1570-71 मध्ये मुर्तझा निजामशहाचा मोठा वेढा या शहराने सोसला, आणि 1594 मध्ये खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर जिंकून पोर्तुगीजांनी बंदराचे तोंड दोन्ही बाजूंनी आवळले. या तटबंदीत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, येशूसंघीय आणि ऑगस्टिनियन या चारही प्रमुख पुरुषसंघांची चर्चे व निवासस्थाने होती. वाड्यांतून हिंडणाऱ्याला आज त्यांचे मोडके वेशीवजा दरवाजे, कोसळलेल्या गाभाऱ्यांच्या कमानी आणि फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा 'सातखणी' म्हणून ओळखला जाणारा घंटामनोरा दिसतो, ज्याचे नाव सात मजल्यांचे असले तरी तेवढे मजले आता उरलेले नाहीत. चौलसारख्या संपन्न बंदरात पुरुषांसाठी एवढी धर्मगृहे आणि स्त्रियांसाठी एकही नाही, याचे कारण श्रद्धेच्या उणिवेत शोधण्यापेक्षा पोर्तुगीज सत्तेच्या विवाहनीतीत शोधावे लागते.

लिस्बनहून येणाऱ्या जहाजांतून पुरुष शेकड्यांनी येत आणि पोर्तुगीज स्त्रिया मोजक्याच येत. 'राजाच्या अनाथ मुली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरुणींना राजाच्या खर्चाने पूर्वेकडे पाठवले जाई आणि त्यांच्याशी लग्न करणाऱ्याला हुंडा म्हणून सरकारी अधिकारपद मिळे. वसई, चौल आणि दमण यांचा जो 'उत्तर प्रांत' होता, तेथील गावे इनामासारखी देताना ती स्त्रीच्या नावे द्यावी आणि तिने पोर्तुगीज पुरुषाशीच लग्न करावे, अशी अटही घातली जाई. म्हणजे वंश, जमीन आणि किल्ल्याची शिबंदी ही सगळी एका मुलीच्या लग्नावर टेकलेली होती. अशा व्यवस्थेत एखादीने अविवाहित राहून व्रत घेणे हा तिचा खासगी निर्णय राहत नसे, राज्याच्या हिशेबात ती थेट तूट धरली जाई. पोर्तुगीज राजदरबाराने पूर्वेकडे स्त्रियांचा मठ काढण्यास दीर्घकाळ उत्साह दाखवला नाही तो यामुळेच.

हा अडसर गोव्याचे महागुरुस्वामी, म्हणजे धर्मप्रांतांच्या समूहाचे प्रमुख, आलेइशू द मेनेझिश यांनी दूर केला. ते स्वतः ऑगस्टिनियन होते, आणि ज्या निग्रहाने त्यांनी केरळातील सीरियन ख्रिस्ती परंपरेवर 1599 मध्ये उदयम्पेरूरची धर्मसभा लादली, त्याच निग्रहाने त्यांनी गोव्यात स्त्रियांसाठी संस्था काढल्या. एक आश्रयगृह सन्मान्य घरच्या निराधार मुलींसाठी व विधवांसाठी होते आणि दुसरे, मारिया माग्दालेनाच्या नावाचे, समाजाने 'बिघडलेल्या' ठरवलेल्या स्त्रियांसाठी. या दोन्ही ठिकाणी राहणाऱ्या स्त्रियांवर आजन्म व्रतांचे बंधन नव्हते. तिसरी संस्था मात्र पूर्ण अर्थाने मठ होती. ओल्ड गोव्यातील 'मोंते सांतो', म्हणजे पवित्र टेकडी, येथे ऑगस्टिनियनांच्या भव्य मठाशेजारी 1606 मध्ये तिची पायाभरणी झाली आणि संत ऑगस्टिन यांच्या आईचे, मोनिकेचे, नाव तिला देण्यात आले. इमारत पूर्ण व्हायला 1627 उजाडले, 1636 मध्ये आगीने तिचे मोठे नुकसान केले आणि ती पुन्हा बांधावी लागली. पहिली मठप्रमुख फिलिपा दा त्रिंदादे ही विधवा होती, आणि तिच्याबरोबर तिच्या मुलीनेही व्रत घेतले.

चौलच्या एखाद्या कुटुंबातील मुलीला या मठात जायचे असेल तर वाट समुद्राचीच होती, आणि तीही पावसाळ्याचे महिने बंद. मलबारी चाच्यांच्या भीतीने व्यापारी गलबते युद्धनौकांच्या संरक्षणात 'काफिला' करून गोवा आणि उत्तर प्रांत यांच्यामध्ये ये-जा करत. प्रवास संपल्यावर मठाचा दरवाजा तिच्यामागे बंद होई तो कायमचा. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर पोप पायस पाचवे यांनी 1566 मध्ये व्रतस्थ स्त्रियांवर कडक बंदिस्तपणा घातला होता, त्यानुसार आजन्म व्रत घेतलेल्या स्त्रीला मठाबाहेर पाऊल टाकता येत नसे. नातेवाइकांशी बोलणे जाळीआडून होई, मिस्सा म्हणजे भाकर व द्राक्षारसाचा पूजाविधी चर्चच्या वरच्या सज्जातून जाळीतूनच पाहावा लागे, आणि दिवसाचे प्रहर लॅटिन प्रार्थनागायनाने बांधलेले असत. काळी ओढणी घेणाऱ्या भगिनी गायनाच्या व मताधिकाराच्या मानकरी होत्या, तर पांढऱ्या ओढणीच्या भगिनींकडे घरकाम असे. श्रीमंत घरच्या मुलींसोबत दासीही आत येत. समता हे व्रताचे तत्त्व असले तरी बाहेरच्या समाजाची उतरंड भिंती ओलांडून आत शिरली होती, आणि मठाच्या गौरवगाथा लिहिणाऱ्यांना त्यात वावगे वाटलेले दिसत नाही.

मठ लोकप्रिय झाला आणि तिथेच वादाला तोंड फुटले. प्रत्येक मुलीबरोबर हुंडा मठात येई आणि तो पुन्हा बाहेर पडत नसे, म्हणून गोव्याच्या नगरसभेने राजाकडे तक्रारी केल्या की शहरातील संपत्ती आणि लग्नाच्या मुली दोन्ही या भिंतीआड नाहीशा होत आहेत. भगिनींची संख्या शंभरावर जाऊ नये अशी मर्यादा होती, आणि नव्या मालमत्तेच्या खरेदीवरही निर्बंध आले. मठाची बाजू मांडणारा धर्मगुरू म्हणजे ऑगस्टिनियन दियोगु द सांत आना, जो वर्षानुवर्षे मठाचा कारभारी व पापनिवेदन ऐकणारा होता. याच तणावाच्या काळात, 1636 मध्ये, मठातील क्रूसावरच्या येशूच्या मूर्तीने डोळे उघडले आणि तिच्या जखमांतून रक्त वाहिले, असे भगिनींनी सांगितले. ही घटना चमत्कार म्हणून स्वीकारणे हा श्रद्धेचा भाग आहे; परंतु शहराने आक्षेप घेतलेल्या, आगीने होरपळलेल्या संस्थेला तिने जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती इतिहासाचा भाग आहे, आणि त्या क्रूसाची भक्ती आजही टिकून आहे. मठाच्या स्थापनेचा विस्तृत वृत्तांत आगोस्तिन्यु द सांता मारिया यांच्या 1699 च्या पोर्तुगीज ग्रंथात वाचायला मिळतो.

अठराव्या शतकात या मठाच्या पाठीशी असलेला प्रदेशच आक्रसला. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मे 1739 मध्ये वसई पडली आणि 1740 च्या तहानंतर चौलही मराठ्यांकडे गेले. पोर्तुगीज कुटुंबे निघून गेली आणि रेवदंड्याची चर्चे ओस पडली. मागे राहिले ते ज्यांना जायला दुसरीकडे घर नव्हते ते गरीब ख्रिस्ती, जे कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी एकवटले. माउंट कार्मेलच्या मरियेला वाहिलेले त्यांचे चर्च आणि पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली त्यांची 'नोलिंग' ही बोली आजही चालू आहे. सुमारे हजारभर लोकांच्या या बोलीचा सविस्तर अभ्यास भाषाशास्त्रज्ञ क्लँसी क्लेमेंट्स यांनी केला आहे. यात्रेत कोर्लईचा टप्पा सहसा गंमत म्हणून, बोली ऐकण्यापुरता धरला जातो. वस्तुतः तिथेच अधिक वेळ द्यायला हवा, कारण प्रार्थना, सण आणि भाषा पिढ्यान्‌पिढ्या मुलांपर्यंत पोहोचली ती मुख्यतः घरातील बायकांमुळे, ज्यांच्यापैकी कोणालाही हुंड्याअभावी संत मोनिकेच्या मठात काळी ओढणी मिळाली नसती.

संत मोनिकेच्या मठाचा शेवट संथ होता. पोर्तुगालमध्ये उदारमतवादी सरकारने 1834 मध्ये पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले, आणि स्त्रियांच्या मठांना नव्या उमेदवार घेण्यास मनाई करून आतल्या भगिनींना मरेपर्यंत राहू दिले. समोरचा ऑगस्टिनियन मठ ओस पडला, 1842 मध्ये त्याच्या चर्चचे छत कोसळले, आणि या ढिगाऱ्याच्या शेजारी भगिनींची संख्या एकेकीने घटत 1885 मध्ये शेवटची भगिनी निवर्तली. त्यानंतर इमारतीत लष्कराची वस्ती झाली. समोरच्या अवशेषांत पुरातत्त्व खात्याला या शतकाच्या आरंभी जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अस्थिअवशेष सापडले. धर्म बदलण्यास नकार दिल्याने 1624 मध्ये शिराझ येथे तिचा वध झाला होता. जॉर्जियातून येणाऱ्या भाविकांसाठी हीच टेकडी वेगळ्या अर्थाने तीर्थस्थान ठरली असून त्या अवशेषांचा एक भाग 2021 मध्ये भारताने जॉर्जियाला दिला.

रोह्याहून कोकण रेल्वेने करमळीला उतरले की ओल्ड गोवा जवळच आहे, त्यामुळे एकेकाळी काफिल्याची वाट पाहावी लागणारा हा प्रवास आता एका दिवसात होतो. मठाच्या चर्चच्या भागात ख्रिस्ती कलासंग्रहालय आहे, जे 1994 मध्ये राशोलच्या गुरुकुलात सुरू होऊन 2002 मध्ये येथे हलवण्यात आले. त्यातील चांदीची पूजापात्रे आणि हस्तिदंती मूर्ती पाहताना यात्रेकरूंचा बराच वेळ जातो. इमारतीच्या उरलेल्या भागात 1964 पासून 'मातेर देई' ही संस्था आहे, जिथे निरनिराळ्या संघांच्या धर्मभगिनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतात. पोप लिओ तेरावे यांनी 1900 मध्ये बंदिस्तपणाविना साधी व्रते घेणाऱ्या, शाळा व दवाखान्यांत वावरणाऱ्या स्त्रीसंघांना पूर्ण मान्यता दिली नसती, तर या विद्यार्थिनींपैकी बहुतेकींना चर्चच्या कायद्याने 'व्रतस्थ' म्हटलेच नसते. त्या येथे शिकतात, सुट्टीत गावी जातात आणि अभ्यासक्रम संपला की आपापल्या धर्मग्रामात, शाळेत किंवा आदिवासी पाड्यावरच्या कामाला परततात.