ओरखडा आधी की बाण आधी?

देवळाली कॅम्पात जुन्या घराचा माळा आवरायला घेतला की काही ना काही 'मिलिटरीचं' निघतंच. पाण्याची बाटली, पितळी बटणं, कधी मनगटी घड्याळ. मुंबई बंदरात उतरलेल्या आणि मायदेशी परतणाऱ्या ब्रिटिश पलटणींचा हा एकेकाळचा मुक्कामाचा तळ. तोफखान्याचं शिक्षण आजही इथेच चालतं. त्यामुळे सापडलेल्या घड्याळामागे एखादा गोरा साहेब उभा करायला इथे कुणाला वेळ लागत नाही. लाम रोडजवळच्या एका घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत निघालेलं घड्याळ दाखवायला मी गेले, तेव्हा घड्याळजींनी मला पहिल्याच वाक्यात अडवलं. "ताई, कुठे सापडलं ते आत्ता नको. ते ऐकलं की डोळा फितूर होतो."

डायलवर 'वेस्ट एंड वॉच कंपनी' आणि 'सोवार प्रायमा' अशी नावं होती. ही कंपनी 1886 साली मुंबईत सुरू झाली. घड्याळं स्वित्झर्लंडमध्ये बनायची आणि हिंदुस्थानी फौजेत, रेल्वेत त्यांचा चांगला खप होता. आमच्या घड्याळाच्या मागच्या झाकणावर एक बाण कोरलेला होता. ब्रिटिश सरकारी मालावरची ही ओळखीची खूण. घरच्यांचा सगळा आनंद त्या बाणात होता.

घड्याळजींनी बाणाकडे पाहिलंही नाही. आयग्लास डोळ्याला लावून ते आधी डायलवर वाकले. कारखान्यातल्या छपाईत अक्षरांच्या कडा रेखीव असतात, मिनिटांच्या रेषा सारख्या जाडीच्या असतात. इथे कंपनीचं नाव जरा डावीकडे कललेलं, आणि छोट्या सेकंदकाट्याच्या वर्तुळातल्या रेषा एका बाजूला दाटलेल्या. डायलच्या काठाला एक बारीकशी खाच होती. पुन्हा रंगवताना डायल सरळ धरता यावी म्हणून रंगवणारे अशी खाच पाडतात. "रंग नवा आहे," ते म्हणाले, "पत्रा कुठला ते आत कळेल."

मग काट्यांचा चमकणारा मसाला. त्या काळी त्यात रेडियम असायचं. रेडियमची किरणं सोळाशे वर्षांत निम्म्यावर येतात, पण त्यांच्यामुळे उजळणारं झिंक सल्फाइड काही दशकांतच जळून जातं. म्हणून खरा जुना मसाला तपकिरी पडतो आणि अंधारात जवळजवळ मुका असतो, तरी आतून किरणं सोडतच राहतो. तो खरवडायचा नाही आणि त्याची धूळ नाकात जाऊ द्यायची नाही. टॉर्चखाली धरल्यावर अंधारात हिरवा लखलखला, तर तो मागाहून भरलेला. आमच्या घड्याळाचे काटे तपकिरी होते आणि अंधारात दिसेनासे झाले. काटे पास.

झाकण फिरवून उघडल्यावर खरी तपासणी सुरू झाली. मशीनच्या पट्टीवर कंपनीचं नाव होतं. बॅलन्सच्या टोकावरच्या खड्याला दोन बाहूंची इवलीशी सोनेरी स्प्रिंग होती. ही 'इन्काब्लॉक', घड्याळ पडलं तर धक्का ती झेलते. ती सोवार प्रायमात पहिल्यांदा 1934 साली बसवली, असं कंपनी सांगते. म्हणजे आमचं मशीन त्याआधीचं नाही. पूर्वजांनी हे पहिल्या महायुद्धात वापरलं, ही घरातली कथा तिथेच संपली.

डायलच्या पाठीला दोन बारीक पाय असतात. ते मशीनमधल्या भोकांत बसतात आणि बाजूच्या स्क्रूंनी आवळले जातात. दुसऱ्या घड्याळाची डायल लावायची तर बहुधा पाय कापून ती डिंकाने चिकटवावी लागते. इथे दोन्ही पाय शाबूत होते आणि भोकांत चपखल बसत होते. डायलचा पत्रा याच घड्याळाचा, रंग तेवढा मागाहूनचा. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओढलेले आकडे आणि सांकेतिक अक्षरं होती. दुरुस्ती करणारे आपली खूण अशी ठेवतात, म्हणजे घड्याळ परत आलं तर ओळखता येतं. अशा खुणा पाहून घड्याळजींचा चेहरा खुलला. इतकी वर्षं चाललेलं घड्याळ कोणीच उघडलं नसेल, तर त्यांना त्याचाच जास्त संशय येतो.

बाण त्यांनी शेवटी पाहिला. झाकणावर वापराचे असंख्य ओरखडे होते. खूण जुनी असेल तर ओरखडे तिच्या काठावरूनही जातात, काठ बोथट होतो, खाचेत काळा मळ घट्ट बसतो. खूण नवी असेल तर काठ धारदार राहतो आणि जुना ओरखडा त्या काठाशी येऊन तुटतो. आमच्या बाणाच्या कडा नखाला लागत होत्या, खाचेचा तळ चकचकीत होता, आणि त्याच्या कडेवर एकही ओरखडा नव्हता. मनगटावर झिजून झाल्यानंतर कोणीतरी तो कोरला होता.

यामागचा हिशेब बाजाराचा आहे. मुंबईत जुन्या एचएमटी आणि फेवर-ल्युबा घड्याळांच्या डायल रंगवून ती परदेशी पाठवण्याचा मोठा धंदा आहे. एचएमटीने सिटिझन कंपनीच्या मदतीने 1961 साली बंगळुरूत घड्याळांचा कारखाना काढला आणि 2016 साली एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय झाला. त्यानंतर तिच्या 'पायलट' आणि 'जवान' या मॉडेलांची मागणी वाढली आणि एचएमटीने कधी काढल्याच नाहीत अशा डायल दिसू लागल्या. तिथेही कसोटी हीच: डायल जे सांगते ते मशीनने कबूल करायला हवं. फेवर-ल्युबाच्या डायलवर 'ट्विन पॉवर' असेल, तर आत स्प्रिंगची दोन बॅरल दिसलीच पाहिजेत.

म्हणून 'खरं की खोटं' हा प्रश्न अख्ख्या घड्याळाला विचारून भागत नाही. तो एकेका भागाला विचारावा लागतो. आमचं मशीन खरं, बॉडी खरी, काटे जुने. डायल रंगवली ती विटली म्हणून. आपल्याकडे घड्याळ चालतं ठेवायची रीतच ती आणि त्यात फसवणूक नाही. बाण मात्र घड्याळाच्या काही कामाचा नाही. तो फक्त गिऱ्हाइकासाठी आहे. गंमत म्हणजे त्याची गरजही नव्हती. शिपायाने स्वतःच्या पगारातून घेतलेल्या घड्याळावर बाण नसायचाच. बाणाविना हे एखाद्या फौजीचं असू शकलं असतं. आता बाणामुळे कोणी तसं मानणार नाही.

घरच्यांना ते विकायचं आहे. घड्याळजींनी चिठ्ठीवर लिहून दिलं: सोवार प्रायमा, मशीन मूळचं, डायल पुन्हा रंगवलेली, मागचा बाण नंतरचा. "हे चारही सांगून जो भाव येईल तो घ्या," ते म्हणाले, "आणि आता सांगा, सापडलं कुठे?"