ॲक्सिलरेटर : शब्द एक, कामे अनेक

लॅटिन भाषेत ‘सेलेर’ म्हणजे वेगवान. त्यापासून ‘ॲक्सिलरेटर’ हा शब्द झाला. मराठीत त्यास ‘प्रवेगक’ किंवा ‘त्वरक’ म्हणतात. ट्रॅक्टरचालकांच्या तोंडी मात्र ‘रेस’ हाच शब्द आहे. हे नाव कंपोस्टाच्या व सिमेंटच्या कामातही आढळते. त्याचे निरनिराळे अर्थ शेतकऱ्यांनी समजून घेणे हिताचे होय.

ट्रॅक्टरवरील ॲक्सिलरेटर

ट्रॅक्टरवर बहुधा दोन ॲक्सिलरेटर असतात. एक पायाचा व दुसरा हाताचा. हाताचा दांडा ठेवावा तेथे राहतो व इंजिनाचे फेरे ठरवून देतो. नांगर घट्ट जमिनीत शिरून ओढ वाढली की गव्हर्नर आपोआप अधिक डिझेल सोडतो व फेरे फारसे घटू देत नाही. म्हणून नांगरणीस व मळणीस हाताचा दांडा सोयीचा असतो. पीटीओवरील पुष्कळशा यंत्रांस मिनिटास 540 फेरे लागतात. त्यासाठी इंजिनाचे फेरे किती ठेवावेत, हे ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

रस्त्यावर मात्र हाताचा दांडा पूर्णपणे मागे घेऊन पायाचाच ॲक्सिलरेटर वापरावा. दांडा चढलेला राहिल्यास पाय उचलूनही इंजिन मंदावत नाही आणि भरलेली ट्रॉली वळणावर किंवा उतारावर आवरणे कठीण होते. शेतातील हलक्या ओढकामात वरचा गिअर टाकून रेस कमी ठेवल्यास डिझेलची बचत होते. तथापि इंजिन काळा धूर टाकू लागल्यास खालचा गिअर घ्यावा.

कंपोस्ट व काँक्रीट

कुजण्याची क्रिया जलद करणाऱ्या जिवाणू-बुरशींच्या संवर्धकासही कंपोस्टाचा ॲक्सिलरेटर म्हणतात. उसाच्या एक टन पाचटास 1 किलो संवर्धक, 8 किलो युरिया व 10 किलो सुपर फॉस्फेट वापरण्याची शिफारस आहे. ढिगात ओल हवी. मूठ दाबली असता हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. कोरड्या ढिगावर टाकलेले संवर्धक वाया जाते.

काँक्रीट लवकर घट्ट होण्यासाठी मिसळावयाच्या द्रव्यासही हेच नाव आहे. त्यांपैकी कॅल्शियम क्लोराइडने लोखंडी सळया गंजतात. म्हणून सळईच्या टाकीसाठी ते वापरू नये. द्रव्य घातले तरी काँक्रीटवर पाणी मारणे चुकवू नये.

अन्य उपयोग

टायरचे रबर गंधकासह तापवून टिकाऊ करताना ती क्रिया लवकर व्हावी म्हणून ॲक्सिलरेटर घालतात. इंदूर येथील ‘इंडस-2’ या यंत्रात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरविले जातात. तेही ॲक्सिलरेटरच होय.

सारांश, ॲक्सिलरेटर काम लवकर उरकतो, परंतु कामाचा पाया घालीत नाही. ढिगात ओल नसेल, काँक्रीटमध्ये सिमेंट कमी असेल किंवा नांगराचा फाळ बोथट असेल, तर ॲक्सिलरेटरवर केलेला खर्च व्यर्थ होय.