मुक्कामी पाहुण्याची रात्र
लेखमाला ‘मोठ्या शहराची ओळख’ : भाग ६

रात्रीचा जिवंत कार्यक्रम कधी सुरू होतो आणि कधी आटोपतो, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : प्रेक्षक घरी कसा परतणार, आणि कायदा कुठवर वाजवू देतो. नाटक, मैफल, लावणी, ऑर्केस्ट्रा, पबमधला बँड, सगळ्यांना हाच हिशेब लागू पडतो. दिग्रससारख्या तालुक्याच्या गावाहून दोन-तीन दिवसांसाठी मुंबईला जाणाऱ्या पाहुण्याने एवढे लक्षात घेतले, तर कुठे काय मिळते आणि कुठे गैरसोय होते, याचा अंदाज आधीच बांधता येतो.

पहाटेपर्यंतची रात्र

विदर्भातल्या माणसाला रात्रभराचा कार्यक्रम नवा नाही. दिग्रस, पुसद, मानोरा या पट्ट्यातल्या बंजारा तांड्यांवर होळीच्या दिवसांत लेंगी गीते रात्र-रात्र रंगतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजने गावोगावी उशिरापर्यंत चालतात. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर झाडीपट्टी रंगभूमीचा सगळा संसारच रात्रीवर उभा आहे. दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू होतात. लेकी-जावई, सोयरे गावात येतात. दिवसा बाजार आणि जिथे असेल तिथे शंकरपट, आणि रात्री नऊ-दहानंतर तंबूत नाटक. गावचे मंडळ गडचिरोलीतल्या वडसा (देसाईगंज) इथल्या नाटक कंपनीशी नाटक ठरवते. पेटी-तबल्याची साथ समोर बसलेली असते, गाणी जागेवरच होतात आणि पडदा पडतो तेव्हा उजाडायला आलेले असते. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

एवढ्या लांबीमागे रसिकता आहेच, पण सोयही आहे. शेजारच्या गावातून बैलगाडीने, पुढे ट्रॅक्टरने आलेल्या माणसांना मध्यरात्री जंगलवाटेने परत फिरता येत नसे. नाटक एकला संपले असते तर चार तास थंडीत काढायचे कुठे? मग नाटकच पहाटेपर्यंत चालवायचे. जुन्या संगीत नाटक कंपन्यांचे प्रयोगही असेच लांबत. पदांना वन्समोअर मिळत गेले की वेळेचे कोणी पाहत नसे.

ग्रँट रोड ते गिरणगाव

मुंबईच्या रात्रीचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला गेला. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये ग्रँट रोडला नाट्यगृह उभे राहिले. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर करणाऱ्या विष्णुदास भावे यांनी १८५३ मध्ये याच नाट्यगृहात मुंबईकरांना मराठी नाटक दाखवले. त्याच सुमारास पारशी मंडळींच्या नाटक कंपन्या सुरू झाल्या आणि ग्रँट रोड, पिला हाऊस हा भाग शहराची रात्रीची पेठ बनला. नाटक, तमाशा, कोठ्यांवरचे गाणे आणि पुढे सिनेमा हे सगळे चालत जाण्याच्या अंतरावर मिळू लागले. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या तमाशाला याच भागात अलोट गर्दी झाली.

या गर्दीत मोठा वाटा होता तो गिरणी कामगारांचा. कोकण, सातारा, कोल्हापूर, अहमदनगर या भागांतून आलेले हे लोक वर्षानुवर्षे मुंबईत राहत, तरी घरदार गावाकडे ठेवून आलेले मुक्कामी पाहुणेच असत. खोलीत दहा-पंधरा जण, जेवण खानावळीत, काम पाळीचे. रात्रपाळी नसेल तेव्हा लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा किंवा परळच्या दामोदर नाट्यगृहात नाटक. दामोदर हे ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगचे नाट्यगृह. ते १९२२ मध्ये कामगार वस्तीच्या मधोमध उभे राहिले. इथला प्रेक्षक पायी येई आणि पायी परते. त्यामुळे गिरणगावातली रात्र लांबली तरी कोणाची गाडी चुकत नसे.

जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी थंडावली आणि हा प्रेक्षक पांगला. कोणी गावी गेला, कोणी विरार-कल्याणच्या पलीकडे. पुढे त्याच गिरण्यांच्या जागांवर मॉल, कार्यालये आणि पब उभे राहिले. आज लोअर परळला रात्री जी झगमग दिसते, ती बरीचशी जुन्या गिरण्यांच्या आवारातली आहे.

नाटक का आखडले

मराठी नाटक आखडायला सिनेमाची स्पर्धा हे एक कारण झाले. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि अडीच तासांत खेळ संपण्याची प्रेक्षकांना सवय लागली. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे आटोपशीर नाटक आणून नवी वाट दाखवली. दुसरे कारण लोकलचे. प्रेक्षक गिरगाव सोडून दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली असा पसरत गेला आणि प्रयोगाची वेळ शेवटच्या गाडीशी बांधली गेली. मुंबईची शेवटची लोकल साधारण साडेबारा ते एकच्या दरम्यान सुटते आणि पहिली पहाटे चारच्या सुमारास. मधले तीन तास रेल्वे नसते. म्हणून रात्रीचा मराठी प्रयोग आठ-साडेआठला सुरू होऊन अकराच्या सुमारास संपतो. पाच अंकांची नाटके तीन अंकांवर आणि पुढे दोन अंकांवर आली.

दादरचे शिवाजी मंदिर हे याचे चांगले उदाहरण आहे. हे नाट्यगृह १९६५ मध्ये सुरू झाले आणि स्टेशनापासून चालत काही मिनिटांवर आहे. शनिवार-रविवारी इथे लागोपाठ प्रयोग असतात. दुपारचा प्रयोग सुटला की सेट उतरवून रात्रीच्या नाटकाचा सेट चढवायला रंगमंच कामगारांच्या हाती जेमतेम दोन तास उरतात. बाहेर तिकीटखिडकीशी बसण्याचा नकाशा घेऊन माणूस बसलेला असतो. तिसरी घंटा झाली की पडदा. मध्यंतरात बटाटेवडा आणि चहा घ्यायला एकच झुंबड उडते आणि वडा अर्धा असतानाच पुन्हा घंटा होते. प्रयोग संपल्यावर पुढच्या रांगेतले लोक टाळ्या वाजवत उभे असतात, तेव्हा मागच्या रांगेतले कर्जत-कसाऱ्याचे प्रेक्षक जिना उतरून स्टेशनाकडे निघालेलेही असतात.

आजचे पर्याय

पाहुण्यासमोरचे पर्याय ढोबळमानाने चार गटांत पडतात.

पहिला गट मराठी नाटकाचा. दादरच्या शिवाजी मंदिराबरोबर पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर, ठाण्याचे गडकरी रंगायतन आणि वाशीचे विष्णुदास भावे ही यातली मुख्य ठिकाणे. वर्तमानपत्रांत नाटकांच्या जाहिराती येतात, तिकिटे खिडकीवर आणि मोबाइलवरही मिळतात. लावणीचे खास कार्यक्रमही याच नाट्यगृहांत लागतात.

दुसरा गट मोठ्या सांस्कृतिक संस्थांचा. नरिमन पॉइंटचे एनसीपीए १९६९ मध्ये स्थापन झाले. तिथे शास्त्रीय संगीत, पाश्चात्त्य वाद्यवृंद, नृत्य आणि नाटक असे सगळे होते. जुहूचे पृथ्वी थिएटर ५ नोव्हेंबर १९७८ रोजी, म्हणजे मराठी रंगभूमी दिनीच, सुरू झाले. ते लहान आहे, प्रेक्षक रंगमंचाला तिन्ही बाजूंनी वेढून बसतात आणि तिसऱ्या घंटेनंतर कोणालाही आत घेत नाहीत. गिरगावजवळचे रॉयल ऑपेरा हाऊस १९११ सालचे. १९९३ मध्ये बंद पडलेली ही वास्तू दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडली. कार्यक्रम नसताना आत जाता येतेच असे नाही, म्हणून वास्तू पाहायची तरी तिकीट काढून कार्यक्रमालाच जाणे बरे.

तिसरा गट मैदानी संगीताचा. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर २०२३ पासून लोलापालूझा होतो, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. अशा वेळी देशभरातून पाहुणे येतात आणि आसपासच्या हॉटेलांचे दर चढतात.

चौथा गट खाण्यापिण्याच्या जागी होणाऱ्या कार्यक्रमांचा. याची परंपरा जुनी आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा अमेरिकी कृष्णवर्णीय वादक आपला जॅझ ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्या वाऱ्याबरोबर गोव्याचे वादक पुढे आले. अंतोनिओ झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे त्यांतले गाजलेले नाव. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतली ही रौनक ओसरली आणि यांतले अनेक वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. आज पबमध्ये बँड असतो, छोट्या सभागृहांत विनोदवीर एकट्याने तासभर बोलतात, आणि उपनगरांत ऑर्केस्ट्रा बार आहेत.

डान्स बारचा प्रश्न मात्र न्यायालयात दीर्घकाळ चालला. राज्य सरकारने २००५ मध्ये बंदी घातली, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. २०१६ मध्ये नवा कायदा आला. त्यातल्या काही जाचक अटी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये काढून टाकल्या. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ आणि पैसे उधळण्यावरची मनाई मात्र कायम ठेवली.

कायद्याची वेळ

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहांना ही अट लागत नाही, आणि सणासुदीचे वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. महाराष्ट्रात त्यातले काही दिवस गणेशोत्सव आणि नवरात्रात वापरले जातात. याचा सर्वांत ठळक परिणाम पुण्यात दिसला. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी पहाटेपर्यंत चाले. मध्यरात्रीनंतरचे आणि पहाटेचे राग त्या-त्या वेळी ऐकायला मिळत. नियम आल्यावर मैफल रात्री दहाला थांबवावी लागली आणि ते राग महोत्सवातून जवळजवळ गेले. मुंबईतल्या मैदानी कार्यक्रमांवरही दहाचेच बंधन आहे. त्यामुळे दुपारी तीन-चारलाच गाणे सुरू होते.

दुकाने आणि उपाहारगृहांचे नियम वेगळे आहेत. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बहुतेक दुकानांना चोवीस तास उघडे राहण्याची मुभा दिली. दारू देणाऱ्या जागा त्यातून वगळल्या. २७ जानेवारी २०२० पासून मुंबईत अनिवासी भागांतल्या मॉल आणि मिल आवारांतील उपाहारगृहांना रात्रभर व्यवसाय करण्याची वाट मोकळी करण्यात आली. तरी दारूची वेळ रात्री दीडपर्यंतच राहिली. वयाची अटही कडक आहे : बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षे पूर्ण, इतर मद्यासाठी २५. पबच्या दारात ओळखपत्र मागतात, म्हणून आधार कार्ड खिशात असू द्यावे.

सुरक्षिततेचा मुद्दाही कायद्याशीच जोडलेला आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल्स आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला. ज्वालाग्राही छत आणि बाहेर पडण्याच्या अरुंद वाटा यांची चर्चा त्यानंतर बराच काळ चालली. गच्चीवरच्या किंवा तळघरातल्या जागी गेल्यावर बाहेर पडण्याची दुसरी वाट कोणती, हे बसण्याआधी पाहून ठेवावे.

परतीचा हिशेब

दिग्रसकर रेल्वेने निघतो तेव्हा अकोला किंवा बडनेऱ्याला गाडी धरतो. विदर्भ एक्स्प्रेस सकाळी मुंबईला पोहोचवते आणि परतीची संध्याकाळी सातच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटते. म्हणजे ज्याला त्याच दिवशी परतायचे आहे, त्याच्या वाट्याला मुंबईची रात्र येत नाही. चारचा प्रयोग पाहून सातची गाडी गाठणेही जिकिरीचेच. रात्रीचे नाटक पाहायचे तर मुक्काम हवा, आणि मुक्काम कार्यक्रमाच्या जागेवरून ठरवावा. शिवाजी मंदिराला जायचे तर दादर-परळ सोयीचे. एनसीपीएला जायचे तर फोर्ट किंवा चर्चगेट. पृथ्वीला जायचे तर अंधेरी-पार्ले. तिथले नाटक अनेकदा नऊला सुरू होते आणि तिथून दक्षिण मुंबईत परतायला बराच वेळ लागतो.

भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, पण तिची शेवटची फेरी साडेदहाच्या सुमारास असते. नाटक अकराला सुटते, म्हणून जाताना मेट्रो आणि येताना लोकल किंवा टॅक्सी असा मेळ घालावा लागतो. लोकलमध्ये रात्री महिलांच्या डब्यात पोलीस असतो. बरोबर लहान मुले असलेल्या स्त्रियांना तिथे बसणे सोयीचे. दीडला पब सुटल्यावर मात्र पहाटे चारपर्यंत टॅक्सी किंवा रिक्षाच. त्यातही रिक्षा वांद्रे-सायनच्या दक्षिणेला चालत नाहीत, आणि मध्यरात्रीनंतर मीटरवर जादा आकार लागतो.

हंगामही पाहावा. जून-जुलैत मैदानी कार्यक्रम जवळजवळ बंद असतात, पण नाट्यगृहे चालू राहतात. गणेशोत्सवात लालबाग-परळ रात्रभर जागे असते आणि त्यासाठी तिकीट लागत नाही. त्या दिवसांत रेल्वे जादा लोकलही सोडते. नाटक, मैफली आणि मैदानी संगीत तिन्ही पाहायची असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. काळा घोडा महोत्सवही याच काळात, फेब्रुवारीच्या सुमारास असतो आणि त्याचे बहुतेक कार्यक्रम विनामूल्य असतात.

(पुढील भाग : मोठ्या शहरातील मुक्काम – लॉज, धर्मशाळा आणि भक्तनिवास)