वाढीव पडवीचे वासे

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन परिसरातील असंख्य घरांची छपरे उडाली. कुटुंब वाढले की कोकणात घराला पडवी जोडली जाते. तिचे वासे मात्र अनेकदा केवळ खिळ्यांवर विसंबलेले असतात. छपराचा भार खाली दाबतो, तोवर हे निभते. उघड्या पडवीत शिरलेला वारा छप्पर वर उचलतो, तेव्हा खिळे उपसून येतात. कौलांच्या जागी हलके पत्रे आले की धोका वाढतोच. वासे तुळईला व तुळई भिंतीला जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचा खर्च छपराच्या मानाने किरकोळ असतो. कर्ज काढून घर वाढविणाऱ्याने नेमकी तेथेच काटकसर करावी, हे अर्थशास्त्र नव्हे. पुनर्बांधणीच्या सरकारी मदतीलाही या सांध्यांची अट असावयास हवी. अन्यथा तो पैसा पुढच्या वादळात पत्र्यांबरोबरच उडून जाईल.