गाडीचा गंज कसा काढावा?

आपल्या सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात ट्रॉली, जीप, टेम्पो पावसात भिजतात. पत्रा गंजतो. वरून नुसता रंग फासून भागत नाही. रंगाखाली गंज पत्रा खातच राहतो. म्हणून आपण आधी गंज काढू, मग रंग देऊ.

थोडा गंज तारेच्या ब्रशाने निघतो. कानाकोपऱ्यातला निघत नाही. तिथे हवेच्या जोराने बारीक खडे मारतात. याला सँडब्लास्टिंग म्हणतात.

यंत्रे दोन तऱ्हेची. हातातली बंदूक स्वस्त, पण काम सावकाश. दाबाची टाकी महाग, पण काम झपाट्याने. एकाच गाडीसाठी बंदूक पुरे. मात्र दोन्हींना हवा भरपूर लागते. पंक्चरच्या दुकानातला लहान कॉम्प्रेसर दमतो. यंत्राला हवा किती लागते, हे आपण आधी विचारून घेऊ.

पातळ पत्र्यावर दाब कमी ठेवावा. एकाच जागी मारा करू नये, पत्रा वाकतो.

आता जिवाची गोष्ट. नदीची वाळू स्वस्त पडते, पण ती कधीच वापरू नये. वाळूत सिलिका असते. तिची पिठासारखी धूळ छातीत जाते. त्यातून सिलिकोसिस होतो. खराब झालेले फुफ्फुस पुन्हा बरे होत नाही. ब्रिटनमधल्या कारखान्यांत 1949 सालीच या कामाला वाळू वापरण्यास बंदी झाली.

वाळूऐवजी गार्नेटचे खडे घ्यावेत. ते चाळून पुन्हा वापरता येतात. तरी जुन्या रंगाची धूळ उडतेच. तोंडाला फडके बांधून ती अडत नाही. बाहेरची स्वच्छ हवा देणारा टोप घालावा. पोराबाळांना लांब ठेवावे.

पत्रा उघडा पडला की त्याच दिवशी प्रायमर द्यावा. पैसे वाचवायचे तर यंत्रात वाचवू, श्वासात नको.